एका निकाराग्वी चिरुटाचे रसग्रहण

आपल्या मंडळाच्या नोव्हेंबर २०२२ च्या मासिक बैठकीत 'आस्वाद आणि मूल्यमापन' या विषयावर झालेली चर्चा काही सभासदांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी असे प्रतिपादन केले की, समीक्षा होते ती कलाकृतीची. जिभेच्या आणि नाकाच्या सुखाची समीक्षा संभवत नाही. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. तेथे वाद घालणे व्यर्थ. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी कान्टचा आधार घेतला आणि तो चुकीचा नव्हता. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात कान्टने कॅनरी बेटांवरील मद्याचेच उदाहरण दिले आहे. हे मद्य सुखद आहे असे म्हणणारा मनुष्य 'मला सुखद आहे' ही दुरुस्ती मुकाट्याने स्वीकारतो. सुंदर वस्तूबद्दल बोलताना मात्र तो 'मला सुंदर' एवढ्यावर थांबत नाही. इतरांनीही आपल्याशी सहमत व्हावे असा त्याचा आग्रह असतो. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे हा विचार मराठी वाचकाला परका राहिलेला नाही.

मी त्या दिवशी विरोध नोंदवला. भरतमुनींनी रस म्हणजे काय हे समजावताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे, याची मी आठवण करून दिली. त्यावर ज्येष्ठ सभासदांचे उत्तर तयार होते : "दृष्टान्त म्हणजे सिद्धान्त नव्हे." सभा हसली आणि चहा आला.

डिसेंबरात फ्लोरिडाहून आलेल्या भाच्याला मी हा प्रसंग सांगितला. परत जाण्यापूर्वी त्याने बॅगेतून दोन चिरूट काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "मामा, वाद घालण्यापेक्षा यांच्यावर लिहून दाखवा." १९९८ साली मी तंबाखू पूर्णपणे सोडली होती. ती का सोडली हे पुढे येईलच. पुष्कळ विचार करून मी ठरवले की, हे दोनच ओढायचे, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवायचे, प्रत्येक वेळी टिपण करायचे आणि मग निर्णय द्यायचा. प्रस्तुत लेख ही त्या प्रयोगाची हकीकत आहे.

चिरूट हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला असे वाटते. पण इंग्रजांनीच तो तमिळमधून उचलला. 'चुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. तंबाखू हे पीक मात्र अमेरिका खंडातले आणि आपल्याकडे ते पोर्तुगिजांबरोबर आले. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापुराहून तंबाखू नेऊन अकबराला नजर केली, हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. माझ्या पिढीतील बडोदेकरांचा तंबाखूशी संबंध याहून जवळचा. माझे आजोबा बडोदे संस्थानात वहिवाटदार होते आणि निवृत्तीनंतर काही वर्षे पेटलादलाच राहिले. पेटलाद म्हणजे चरोतर, आणि चरोतर म्हणजे तंबाखू. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तेथे जात असू. गावाबाहेरच्या खळ्यांवरून वारा सुटला की सगळे घर शिंकू लागे. तो विडीचा तंबाखू होता, उग्र आणि कोरडा. तंबाखूला याहून वेगळा वास असू शकतो ही कल्पनाही त्या वयात मनाला शिवली नव्हती.

माझ्यापुढे आलेला चिरूट 'पॅड्रॉन १९६४ अॅनिव्हर्सरी' या मालिकेतील 'एक्सक्लुसिव्हो' या आकाराचा होता. लांबी साडेपाच इंच, जाडी ५०. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. म्हणजे पाऊण इंचाहून थोडी अधिक. हा चिरूट गोल नसतो. पेटीत दाबून त्याला चौकोनी घाट दिलेला असतो, त्यामुळे बोटांत धरल्यावर तो घरंगळत नाही, बसतो. आतला गाभा, त्याला बांधणारे पान आणि वरचे वेष्टन ही तिन्ही निकाराग्वातच पिकलेली. आणि या मालिकेसाठी पान किमान चार वर्षे मुरवलेले असते. मुरवलेले हा शब्द मी लोणच्यावरून घेतला आहे आणि तो येथे चपखल बसतो, असे माझे मत आहे.

निकाराग्वाच्या तंबाखूबद्दल बोलताना तेथील मातीबद्दल बोलावे लागते. उत्तरेकडे एस्तेली, कोंदेगा आणि खालापा अशी तीन खोरी आहेत. एस्तेलीची काळी, कसदार माती पानाला जोर देते. हाँडुरासच्या सीमेजवळील खालापाची माती तांबूस असते आणि तेथील पान गोडसर, मऊ मानले जाते. कोंदेगाची जमीन खडकाळ आणि पान या दोहोंच्या मधले. झाडावरही पानांची श्रेणी असते. खालची पाने सौम्य आणि चांगली जळणारी. शेंड्याकडची, उन्हाला सर्वाधिक सामोरी जाणारी पाने जाड, तेलकट आणि जहाल. तोडणी खालून वर टप्प्याटप्प्याने होते. मग पाने छपरात टांगून सुकवतात, ढीग रचून आंबवतात, ढिगाची आतली उष्णता वाढली की तो मोडून पुन्हा रचतात. या आंबवण्यात पानातला अमोनियाचा दर्प निघून जातो. शेवटी चिरूट वळणारे हात. एक जण गाभा बांधतो, दुसरा, बहुधा दुसरी, त्यावर वेष्टन चढवते. 'मध्यम ते पूर्ण' असे ज्याच्या शरीराचे वर्णन जाणकार करतात, तो चिरूट या सगळ्या निवडींच्या प्रमाणातून सिद्ध होतो. शेंड्याची पाने वाढली तर तो डोक्यात जातो, कमी झाली तर नुसता धूर उरतो.

पहिला चिरूट मी जानेवारी २०२३ च्या एका रविवारी, सकाळी पोटभर न्याहारी करून, घरामागच्या अंगणात ओढला. टिपणातील नोंदी जशाच्या तशा देतो.

न पेटवता : जुन्या शिसवी कपाटाचे दार उघडल्यावर येतो तो वास. त्यामागे खारीक. कोरड्या ओढीत किंचित मिरी.

पहिला तिसरा हिस्सा : आरंभीच ठसका. मिरीचा जोर नाकात, जिभेवर नाही. पाच-सात झुरक्यांनंतर तो ओसरतो आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा येतो. साल काढण्यापूर्वीचा, किंचित खरपूस.

दुसरा तिसरा हिस्सा : येथे खरा चिरूट उघडतो. साखर न घातलेली कॉफी, आणि तिच्या खाली काकवी. गोडी जिभेवर येत नाही, धूर सोडल्यानंतर टाळूवर उरते. राख करडी, घट्ट, बोटभर लांब झाली तरी पडली नाही.

शेवटचा हिस्सा : गोडी मागे सरते. ओली माती, काळी कॉफी, पुन्हा मिरी. जोर वाढतो, वैविध्य घटते. एका बाजूने जळण पुढे गेले, दोनदा काडी लावून सारखे करावे लागले. एकूण वेळ सत्तर मिनिटे.

जळण वाकडे गेले याचा दोष मी माझ्याकडेच घेतो. बडोद्याच्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत मी तो लाकडी पेटीत तसाच ठेवला होता. दुसरा चिरूट मी भाच्याने दिलेल्या आर्द्रतेच्या पुडीसह बंद डब्यात ठेवला आणि तो अखेरपर्यंत सरळ जळला. समीक्षकाने कलाकृतीला दोष देण्यापूर्वी आपल्या वाचनाची स्थिती तपासावी, हा धडा साहित्यालाही लागू आहे.

ही टिपणे वाचताना कोणाच्याही मनात शंका येईल : चिरुटात शेंगदाणा कोठून आला? इंग्रजी परीक्षणांत 'चामडे', 'देवदार', 'कोको' असे शब्द सर्रास येतात. त्यांचे मराठी भाषांतर करून मला चालले नसते. कोको माझ्या लहानपणीच्या घरात नव्हता. कोकोची आठवण मी उसनी आणली असती तर टिपण खोटे ठरले असते. उलट मराठीत वासाचे शब्द थोडे नाहीत. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, उग्र, दर्प, भपकारा, दरवळ, घमघमाट, परिमळ : यांतील प्रत्येक शब्दात वासाबरोबर त्याचे मोलही सांगितलेले आहे. 'खरपूस' म्हणणारा स्तुती करतो आणि 'करपट' म्हणणारा तक्रार. दोहोंत भाजण्याच्या काही क्षणांचेच अंतर असते. चवीच्या बाबतीत मात्र जपून लिहावे लागते. संस्कृतातील षड्रसांत 'कटु' म्हणजे तिखट. आपला 'कडू' त्याच शब्दापासून आला तरी अर्थ बदलून बसला. म्हणून मी मिरीला मिरी आणि कॉफीला कॉफी म्हटले, रसांची नावे घेतली नाहीत.

पहिल्या आणि दुसऱ्या बैठकीच्या मध्ये मी या चिरुटाच्या कर्त्याची माहिती मिळवून वाचली. होसे ओरलांदो पॅड्रॉन १९२६ साली क्यूबाच्या पिनार देल रिओ या प्रांतात तंबाखू पिकवणाऱ्या घराण्यात जन्मले. क्रांतीनंतर घराण्याच्या जमिनी गेल्या आणि १९६१ मध्ये त्यांनी देश सोडला. मायामीत एका मित्राने दिलेल्या हातोडीवर सुतारकाम करून त्यांनी सहाशे डॉलर जमवले आणि १९६४ मध्ये धंदा सुरू केला. त्यांच्या चिरुटांशी जोडलेल्या हातोडीच्या आख्यायिकेचे आणि मालिकेच्या नावातील वर्षाचे मूळ येथे आहे. पुढे त्यांना क्यूबातील मातीची आठवण देणारे पान निकाराग्वात सापडले आणि १९७० मध्ये ते एस्तेलीत चिरूट बनवू लागले. १९७८ मध्ये तेथील यादवीत कारखाना जळाला. त्याच वर्षी राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी हवानाला गेलेल्या निर्वासितांच्या शिष्टमंडळात ते होते. फिडेल कॅस्ट्रोच्या हाती चिरूट देतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि मायामीतल्या कडव्या निर्वासितांच्या रोषापायी त्यांच्या जागेवर बॉम्ब टाकले गेले. १९८५ मध्ये अमेरिकेने निकाराग्वाशी व्यापार बंद केला. तो १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. व्यवसायाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९९४ मध्ये, ही मालिका निघाली. २०१७ मध्ये ते निवर्तले.

फेब्रुवारीत दुसरा चिरूट पेटवताना हे सर्व माझ्या मनात होते. टिपणात मी लिहिले : "मिरी अधिक सौम्य. गोडी अधिक खोल. शेवटच्या हिस्स्यातील मातीत करुणा." दुसऱ्या दिवशी हे शेवटचे वाक्य वाचले आणि मला संकोच वाटला. मातीत करुणा नव्हती. ती मी वाचलेल्या चरित्रात होती. मिरी सौम्य झाली आणि गोडी वाढली, याचे कारण बंद डब्यातील आर्द्रता असणे अधिक संभवते. कवीचे दुःख कळले म्हणजे कविता थोर ठरत नाही, हे आपण वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आलो. आणि तोच प्रमाद माझ्या हातून एका पानाच्या गुंडाळीबाबत घडला. मी ते वाक्य खोडले. चरित्रातून मला एकच गोष्ट राखता आली. देश सुटलेला माणूस चवीची आठवण घेऊन दुसऱ्या मातीत तिचा शोध करतो, हे आपल्यासारख्या स्थलांतरित घराण्यांना सांगावे लागत नाही. बडोद्याच्या पाण्यात शिजलेल्या आमटीला आमची आजी अखेरपर्यंत नावे ठेवत असे. पण हे त्या चिरुटाचे मूल्य नव्हे. त्याच्याशी माझे नाते आहे.

आता निर्णय. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. ती मी येथे लावून पाहिली. संवाद उत्तम आहे. शेंगदाणा, कॉफी आणि काकवी या एकाच कुळातल्या, भाजण्याच्या आणि आटवण्याच्या, गोष्टी आहेत. विरोधही आहे, मिरीचा ठसका आरंभी येतो, लपतो आणि अखेरीस परततो, आणि मधल्या काळात तो कोठे गेला याची वाट पाहण्यात एक उत्कंठा असते. समतोल मात्र दोन तृतीयांशांपर्यंतच टिकतो. शेवटच्या हिस्स्यात जोर चवीवर मात करतो. दोन्ही वेळा मी शेवटचा दीड इंच कर्तव्य म्हणून ओढला. मी झुरके जरा घाईने घेतले असतील आणि चिरूट तापला असेल, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, ही रचना मध्यावर आपल्या उंचीला पोहोचते. अमेरिकेतील 'सिगार अफिशिओनाडो' हे नियतकालिक चिरुटांना शंभरपैकी गुण देते आणि याच मालिकेतील 'टॉरपीडो' या आकाराला त्याने २०२१ चा सर्वोत्तम चिरूट ठरवले. मी गुण देत नाही. गुण दिले की कोणता भाग का चांगला, हे सांगण्याची जबाबदारी संपल्यासारखी होते. प्रथम श्रेणीची रचना, दुबळा शेवट, असे माझे मत आहे. आणि 'मला वाटते' या शब्दांची ढाल मी पुढे करीत नाही. ज्याने हा चिरूट लक्षपूर्वक ओढला आहे, त्याने माझ्याशी वाद घालावा.

येथे तो ज्येष्ठ सभासदांचा मुद्दा पुन्हा येतो : असा वाद संभवतो का? याचे माझे उत्तर पुस्तकातून आलेले नाही.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, वयाच्या सोळाव्या वर्षी पेटलादच्या खळ्यावर चोरून विडी ओढायला शिकले. पुढे सिगारेट आली. १९९८ मध्ये त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. कर्करोग होता. मी त्याच आठवड्यात सिगारेट सोडली. दादांचा आवाज गेला हे सर्वांना दिसले. दुसरे काय गेले ते घरच्यांनाही कळायला वेळ लागला. स्वरयंत्र काढल्यावर श्वास मानेवरच्या छिद्रातून चालतो, नाकातून जात नाही, आणि म्हणून वास येत नाही. आमच्या घरात फाटकापाशी उभे राहून स्वयंपाकघरात काय शिजते आहे हे ओळखणारा मनुष्य दादाच होता. शस्त्रक्रियेनंतर ते सहा वर्षे जगले. मी भेटायला गेलो की ते पाटीवर लिहीत : "फोडणीत काय? सांग." मी सांगे, "मोहरी, हिंग, कढीपत्ता." ते पुसून लिहीत : "ते ठाऊक आहे. वास कसा?" मग मला शोधावे लागे. "हिंग जरा पुढे गेलाय. मोहरी तडतडली, पण करपली नाही. खमंगच्या अलीकडे." कधी ते मान डोलावीत. कधी पाटीवर येई : "नाही. हिंग पुढे गेला तर खमंग कसा?" आणि मला पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन वास घेऊन यावे लागे. बहुतेक वेळा त्यांचेच खरे ठरे.

ज्याला वास येत नाही तो मनुष्य वासाविषयीच्या माझ्या विधानातली विसंगती पकडत होता. म्हणजे माझे विधान नुसते 'मला असे वाटते' या जातीचे नव्हते. त्यात चूक असू शकत होती, ती दाखवता येत होती आणि मला ती मान्य करावी लागत होती. समीक्षेला याहून अधिक काय लागते? वर दिलेल्या टिपणांतील शब्द मी त्या सहा वर्षांत, त्या पाटीसमोर शिकलो.

म्हणूनच मूल्यमापन येथे पूर्ण होऊ शकत नाही. जाणकार सांगतात की, चिरुटाचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तो तोंडात घोळवून थोडा नाकावाटे सोडायचा, कारण त्याची निम्मी खुमारी नाकात आहे. माझ्या टिपणातली मिरी तेथेच सापडली. पण धूर छातीत घेतला नाही म्हणून सुटका होत नाही. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषले जाते, आणि मुख, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांचे कर्करोग चिरूट ओढणाऱ्यांनाही होतात. ज्या वाटेने हा चिरूट आपले सौंदर्य पोहोचवतो, नेमकी तीच वाट तंबाखूने दादांपुरती बंद केली. इतर कलाकृतींच्या बाबतीत आस्वादकाने काय मोजले हा प्रश्न आपण समीक्षेबाहेर ठेवतो. येथे तो बाहेर ठेवला तर समीक्षा अप्रामाणिक होईल. आणि तो आत घेऊन रचनेचा गुण नाकारला तरीही ती अप्रामाणिकच होईल. पॅड्रॉन यांची कारागिरी उच्च प्रतीची आहे, आणि ती ज्या द्रव्यात घडली ते द्रव्य माणसे मारते. ही दोन्ही विधाने मी एकाच स्वरात करतो.

एप्रिलच्या बैठकीत मी हे टिपण वाचले. ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग आम्ही ओढावा, असे तुमचे म्हणणे?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "आणि चांगला आहे?" मी म्हटले, "दोन तृतीयांशांपर्यंत, फार चांगला." त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "खारकेचा वास म्हणालात तो ओल्या खारकेचा की कोरड्या?"

मी सांगितले, कोरड्या.